कन्व्हेयरचा हिसका गेला: ११ दातांऐवजी १७

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कन्व्हेयरवर बाटल्या सारख्या आडव्या व्हायच्या. पट्टा हळू चालवला की हिसका स्पष्ट दिसायचा. चेन नवी, बेअरिंग ठीक, मोटरचा आवाजही साफ. फिटरकाकांनी मोटरकडच्या छोट्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) खडूने खूण केली. म्हणाले, "दात मोज बघू." ११ निघाले.

दुखणं तिथेच होतं. चेन स्प्रॉकेटवर गोल बसत नाही, कडीकडीने बहुकोन करून बसते. त्यामुळे मोटर एकसारखी फिरली तरी चेनचा वेग दर दाताला कमी-जास्त होतो. ११ दातांवर हा फरक सुमारे ४ टक्के, १७ वर पावणेदोनच्या आत. शिवाय ११ वर प्रत्येक कडी जवळजवळ ३३ अंशांत मुडपते, १७ वर २१ अंशांत. पिन-बुशची (कड्यांच्या सांध्यांची) झीज आणि घर्षणात वाया जाणारी ताकद दोन्ही कमी होतात.

पट्ट्याचा वेग मात्र तोच हवा होता. म्हणून ११-३३ ची जोडी (मोटरकडे ११, पट्ट्याकडे ३३ दात) काढून १७-५१ बसवली. गुणोत्तर तेच, ३. नुसतं छोटं बदललं असतं तर पट्टा दीडपटीहून जास्त पळाला असता आणि मोटरवर लोड आला असता. चेन लांब घ्यावी लागली. कड्या सम संख्येत ठेवल्या, म्हणजे हाफ लिंक (विषम कड्या जोडायची वाकडी कडी) लागत नाही. तो सांधा कमजोरच. अर्धा इंच पिचला (दोन पिनांमधलं अंतर) ५१ दातांच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास, म्हणजे पिना फिरतात त्या वर्तुळाचा व्यास, २०६ मिमी होतो, त्यामुळे गार्डही (चेनवरचं संरक्षक झाकण) नवं बनवलं.

बाटल्या आता उभ्या जातात. दुसऱ्या लाइनवरचं ११ चं स्प्रॉकेटही काढायला घेतलंय.