जुन्या फोटोतली ‘ही कोण?’ : या चुका टाळा

नातेवाइकांत मी ‘फोटोवाला’ म्हणून बदनाम आहे. महिन्याला दोन-तीन तरी फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, सोबत एकच ओळ : ‘डावीकडून तिसरे कोण, सांग.’ फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, काचेवर काढणाऱ्याचाच हात उमटलेला, कडा कापलेल्या. मागची बाजू पाठव म्हटलं तर म्हणे, ‘मागे काही नाही, नुसता शिक्का आहे.’ नुसता शिक्का! पुष्कळदा अर्धं उत्तर तिथेच असतं.

नाव आपणच सुचवून विचारणं

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक ही. माझी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. पगडी घातलेल्या एका गृहस्थाचा फोटो घेऊन माझा चुलतभाऊ तिच्याकडे गेला आणि म्हणाला, ‘आत्या, हे नानाच ना?’ आत्या म्हणाली, ‘हो, नानाच.’ पंधरा दिवसांनी बहिणीने तोच फोटो दाखवून विचारलं, ‘हे बापू का गं?’ तर ‘हो, बापूच.’ मग दोघांची फोनवर जुंपली आणि आत्याला विसरायला होतं असा निकाल लागला.

आत्याला काहीही विसरायला होत नाही. लांबून आलेल्या पोराला नाही कशाला म्हणा, त्याने चार घास खाऊन जावं, एवढाच तिचा हिशेब. मी गेलो तेव्हा फोटो तिच्या हातात दिला आणि गप्प बसलो. चहा झाला. मग विचारलं ते माणसाबद्दल नाही, मागच्या जिन्याबद्दल : ‘आपल्या वाड्यात असा जिना होता?’ ती म्हणाली, ‘आपल्याकडे कुठला रे? हा माझ्या आजोळचा. याच्या तिसऱ्या पायरीवरून मी पडले होते.’ आणि मग चष्मा पुसून, ‘अगं बाई, हा तर मामा!’

नाना नाही आणि बापूही नाही. आम्ही सगळे भलत्याच घराण्यात शोधत होतो. माझा अनुभव असा की घरातल्या जुन्या फोटोंतले ‘अनोळखी’ बहुतेक वेळा बायकांच्या माहेरचे निघतात. आपल्या वंशावळी आणि कुलवृत्तांत बापाच्या बाजूने चालतात. आजीचा भाऊ त्यात कुठे सापडणार? तेव्हा आधी जागा विचारा, खुर्ची विचारा, माणूस शेवटी. उत्तर आल्यावरही ‘नक्की ना?’ करून वृद्धांना भंडावू नका. आठवड्याने पुन्हा जा.

कपाळ पाहून विधवा ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मुंजीचा मोठा ग्रूप फोटो होता. कडेला एक बाई, मांडीवर मूल, कपाळ मोकळं, लुगडं पांढुरकं. मी विधवा ठरवून टाकलं आणि आमच्याकडे त्या काळी एकच तरुण विधवा होती, तिचं नाव लिहून मोकळा झालो. वंशावळीच्या छापील प्रतींमध्येही तो फोटो तसाच गेला. प्रत मावशीच्या हाती पडली तशी फोन आला : ‘मेल्या, माझ्या सासूबाईंना नवरा जिवंत असताना विधवा केलंस! हातातल्या बांगड्या दिसल्या नाहीत का?’

दिसल्या नव्हत्या. भिंगातून पाहिल्यावर दोन्ही हात भरलेले दिसले. त्याहून लाज वाटली ती पुढे. फोटोतल्या बाकीच्या बायकांची कपाळं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. एकीच्याही कपाळावर कुंकू दिसत नव्हतं! एवढ्या सवाष्णींची कपाळं मोकळी आणि मी एकटीलाच धरून बसलो होतो.

कारण साधं आहे. कॅमेऱ्यात घालायच्या जुन्या काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यामुळे लाल काळं उमटायचं आणि निळं फिकट. पुढे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणारी फिल्म आली, पण तीही काळी-पांढरीच, तिच्यावर लाल रंग त्वचेसारखाच करडा येऊ शकतो आणि कुंकू कपाळात विरून जातं. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करणारे कारागीर असायचे, ते वेगळेच. म्हणजे जुन्या फोटोतलं पांढुरकं लुगडं निळं असू शकतं, आणि केशवपन केलेल्या विधवेचं आलवण, म्हणजे तिचं लाल लुगडं, काळं दिसू शकतं. कपाळ सगळ्यात शेवटी पाहा. आधी बांगड्या, मंगळसूत्र, डोक्यावरचा पदर, आणि शेजारी बसलेल्या बायका. फोटो हाताने रंगवलेला असेल तर साडीच्या रंगावरून काहीच ठरवू नका. तो रंग पेंटरच्या मर्जीचा.

कागदाचं वय म्हणजे फोटोचं वय समजणं

मागच्या स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. कागद म्हणतोय मी, फोटो नव्हे. जुन्या फोटोचा फोटो काढून प्रती वाटायची पद्धत घरोघरी होती. माझी परीक्षा बोटाची : फोटोत सुरकुती दिसते, पण बोट फिरवलं की लागत नाही? मग ती सुरकुती मूळ फोटोची, तुमच्या हातात नक्कल आहे. मूळ फोटो दुसऱ्या कुठल्या तरी चुलत घरी भिंतीवर असेल, आणि नावंही त्याच्याच मागे असतील.

मागच्या मजकुराचंही तेच. बॉलपेनने लिहिलंय? आपल्याकडे बॉलपेन घरोघरी आलं ते स्वातंत्र्यानंतर. फोटो १९२५चा असेल तर ते नाव पुढच्या पिढीने आठवून लिहिलेलं आहे. ‘कै.’ लिहिलं असेल तर माणूस गेल्यावर लिहिलं, हे उघडच. ‘शके १८५२’ असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९३० येतं (पौषानंतरची तिथी असेल तर एकोणऐंशी). मोडीत असेल तर जाणकाराला दाखवा, अंदाजाने वाचू नका. आणि मागे ‘सौ. सरस्वती’ आहे पण वंशावळीत सरस्वती नाही, म्हणून फोटो बाजूला टाकू नका. लग्नात मुलीचं नाव बदलायचं. तुमच्याच घरची लेक सासरच्या नावाने तिथे बसलेली असेल.

बाकीच्या, थोडक्यात

चेहरा ‘स्पष्ट’ करणारी अॅप वापरू नका. नसलेले डोळे ती मनाने काढतात, आणि मग सगळ्या घराला त्यात आजोबा दिसायला लागतात. दोन मिनिटांत उत्तर हवं असणाऱ्यांचा हा लाडका उद्योग.

एकाच माणसाचं डोकं मोठं, सावली भलत्या बाजूला : तो नंतर चिकटवलेला असू शकतो. वारलेल्या माणसाला कुटुंबात बसवून द्यायचं काम स्टुडिओ करत असत.

नथ उजव्या नाकपुडीत आणि कोटाचा खिसाही उजवीकडे? प्रत उलटी छापली आहे. ‘डावीकडून’ लिहिलेली नावं लावण्याआधी एवढं पाहा.

कोट, घड्याळ, जाड पुस्तक यांवरून श्रीमंती ठरवू नका. सामान स्टुडिओचं असायचं.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा.

फॅमिली ग्रूपवर सगळ्यात आधी आलेलं उत्तर हे उत्तर नव्हे.

मी फोटोवर काही लिहीत नाही. प्रिंट काढतो, डोक्यांना आकडे देतो आणि नावापुढे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे मऊ पेन्सिलीने टिपतो. त्या मुंजीच्या फोटोत सतरा नंबरचा मुलगा अजून कोरा आहे. भाचा दर दिवाळीला म्हणतो, ‘मामा, लिहून टाक ना कोणाचं तरी.’