खिशात मावणारा टॅबलेट घेताना या चुका टाळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात काउंटरवर एकाच टॅबलेटचे दोन खोके शेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नाही. चित्र तेच, रंग तोच, फक्त एकाची किंमत काही हजारांनी कमी. तो स्वस्तातला उचलला की घरी येऊन सिमची जागा शोधत बसायचं. बाहेर मोबाईल नेट वापरण्यासाठी टॅबलेट घेणाऱ्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मेमरी कमी पडली तर बऱ्याच टॅबलेटांत कार्ड घालता येतं, चार्जर बदलता येतो, पण सिम न चालणाऱ्या टॅबलेटात सिम चालवता येत नाही.

म्हणून आधी मॉडेल नंबर वाचा, नाव नंतर. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ चं उदाहरण घ्या. एसएम-एक्स११० म्हणजे फक्त वायफाय, एसएम-एक्स११५ म्हणजे सिमवाला. एका आकड्याचा फरक. ‘बाजूला ट्रे आहे, म्हणजे सिम चालणार’ हा तर्कही फसवा आहे. वायफायवाल्या मॉडेललाही ट्रे असतो, पण तो मेमरी कार्डापुरता. त्यात नॅनो सिम दाबून बसवलं तर ते आत अडकू शकतं.

दुसरा घोळ ‘५जी’ या अक्षरांचा. स्वस्त टॅबलेटच्या खोक्यावर ‘५जी वायफाय’ असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ ५ गिगाहर्ट्झवर चालणारा वायफाय. मोबाईलच्या ५जीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खोक्याच्या मागच्या बाजूला ‘एलटीई’ (म्हणजे ४जी) किंवा ‘सेल्युलर’ हा शब्द आणि १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, दिसला तरच पुढे बोला. आयएमईआय नाही, तर सिमही नाही.

आता बँड, म्हणजे मोबाईल कंपनी ज्या फ्रीक्वेन्सींवर नेट देते ते पट्टे. परदेशातून आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो आणि विक्रेता ‘सगळी सिमं चालतात’ म्हणतो. चालतातही, पण अर्धवट. जिओचं ४जी मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वर आहे, एअरटेलचं १, ३, ८ आणि ४० वर, व्हीआयचं १, ३, ८ आणि ४१ वर. यातले ५ आणि ८ हे कमी फ्रीक्वेन्सीचे, भिंतीतून आत शिरणारे. ते नसले की टॅबलेट रस्त्यावर भरधाव चालतो आणि इमारतीच्या आतल्या खोलीत, लिफ्टजवळ किंवा तळघरातल्या ऑफिसात मान टाकतो. ४० आणि ४१ नसले तर गर्दीच्या ठिकाणी वेग पडतो. ५जी हवं असेल तर एन७८ हा बँड आहे का बघा. जिओसाठी टॅबलेट ‘स्टँडअलोन’, म्हणजे ४जीच्या आधाराविना चालणारं, ५जी चालवणारा हवा, कारण जिओचं ५जी त्याच पद्धतीचं आहे. नाहीतर टॅबलेट ५जीचा असूनही जिओवर ४जीच दाखवत राहतो.

२०२४ च्या सेल्युलर आयपॅड मिनीत सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता सेटिंगमधून सुरू होणारं सिम. मोबाईल कंपनीकडून ई-सिम मिळवण्याची तयारी असेल तरच तो घ्या. आयपॅडच्या फक्त-वायफाय मॉडेलमध्ये जीपीएसही नसतं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट देऊन नकाशा वापरायचा बेत असेल तर जपून.

पैसे देण्याआधी दुकानातच एवढं करा. स्वतःचं चालू सिम न्या. ते घाला, वायफाय बंद करा, एखादा व्हिडिओ दोन मिनिटं चालवा. सेटिंगमधला आयएमईआय खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघा. मग फोनवरून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर तो टॅबलेट तिथेच ठेवा. सेकंडहँड घेताना ही पायरी गाळायचीच नाही. आणि बिल जीएसटीचंच घ्या. साध्या कागदावरच्या ‘दुकानाच्या वॉरंटी’ला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी विचारत नाही.

आकाराबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ‘खिशात मावणारा’ हा जाहिरातीतला खिसा असतो. ७ इंची, १६:१० स्क्रीन साधारण १५ बाय ९.४ सेंटिमीटर, वर कडा वेगळ्या. तो कुर्त्याच्या किंवा जॅकेटच्या खिशात जातो, जीन्सच्या नाही. ८.७ इंची टॅब ए९ सुमारे २१ बाय १२.५ सेंटिमीटर आणि ३३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याला शबनमच हवी. उलट ६.७ इंची फोनपेक्षा ७ इंची स्क्रीनचं क्षेत्रफळ जेमतेम एकतृतीयांशाने जास्त भरतं आणि ८.७ इंचीचं दुप्पट. तेव्हा हातात मोठा फोन असेल तर ७ इंचीवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं मत. ठरत नसेल तर मापाचा पुठ्ठा कापून दोन दिवस बॅगेत बाळगा. विरार लोकलमध्ये एक हात कडीला असताना तो दुसऱ्या हातात पेलतो का, हे पुठ्ठाच सांगेल.

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको. ‘४+४’ लिहिलेलं असेल तर दुसरे ४ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, तेवढा वेग देत नाहीत. अनोळखी ब्रँडचा, अवाच्या सवा आकडे छापलेला टॅबलेट सरळ टाळा. त्यांच्या सेटिंगमध्येही खोटे आकडे भरलेले असतात.

टॅबलेटवर बँकेचं काम करायचं म्हणून सिमवाला घेणारे बरेच असतात. यूपीआय ॲप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच उपकरणात लागतं आणि तिथूनच मेसेज जावा लागतो. टॅबलेट फक्त डेटा चालवणारा असेल, मेसेज पाठवत नसेल, तर नोंदणी तिथेच अडते. ‘कॉल आणि एसएमएस होतात का?’ हे वेगळं विचारा आणि दुकानातच एक मेसेज पाठवून बघा. अशा टॅबलेटवर रिचार्जचा ओटीपीही दिसत नाही, म्हणून नवं सिम आधी फोनमध्ये घालून सुरू करा, कंपनीच्या ॲपमध्ये नोंदणी करा, मगच टॅबलेटात हलवा. रिचार्ज घेताना नुसता डेटा व्हाउचर घेऊ नका. बहुतेक व्हाउचर मूळ प्लॅन चालू असेल तरच चालतात.

सिग्नलच्या दांड्या दिसतात, नेट नाही? मोबाईल डेटा चालू आहे ना, ते आधी बघा. मग नेटवर्क मोड. तो ३जीवर अडकला असेल तर जिओ चालणारच नाही, ऑटो किंवा एलटीईवर आणा. तरी नाही, तर मोबाईल नेटवर्कमधल्या ॲक्सेस पॉइंट नेम्समध्ये जा आणि नव्या नोंदीत ‘एपीएन’समोर कंपनीचं नाव भरा. जिओला ‘जिओनेट’, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, व्हीआयला नुसते तीन ‘डब्ल्यू’. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सेव्ह करून ती नोंद निवडायची असते, हे बरेचजण विसरतात. एवढ्यावरही नेट आलं नाही तर सिम फोनमध्ये घाला. तिथेही नसेल तर दोष टॅबलेटचा नाही.

चार्जिंग हळू होतंय ही तक्रार बहुतेकदा जुन्या चार्जरमुळे येते. ५१०० एमएएचची बॅटरी ५ वॉटच्या चार्जरवर पाचेक तास घेते, आणि वर हॉटस्पॉट चालू ठेवला तर टक्के हलतही नाहीत. १५ वॉटचा चार्जर आणि धड केबल लावा. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात ६ ते साडेसहा हजारच देते, म्हणजे एक पूर्ण चार्ज आणि थोडं उरेल.

पावसाळ्यात चर्चगेट ते ऑफिस एवढ्या अंतरातही चार्जिंगच्या खाचेत पाणी जातं. स्वस्त टॅबलेटला पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन नसतं आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. झिप असलेली प्लास्टिकची पिशवी बॅगेत कायम ठेवा. ओलाव्याची सूचना आली तर केबल काढा, खाच खाली करून झटका आणि पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पिठूळ कण खाचेत जाऊन बसतात.