सॉफ्ट प्लास्टिक लूरसाठी मीठ कोणतं घ्यावं

बडोद्यात मिठाचा तुटवडा नाही. खंडेराव मार्केटच्या आसपास कुठल्याही किराणा दुकानात आखं मीठ, दळलेलं, सैंधव, संचळ सगळं मिळतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सॉफ्ट प्लास्टिक लूर म्हणजे मासेमारीसाठीचं मऊ प्लास्टिकचं आमिष; ते प्लास्टिसोल, म्हणजे पातळ द्रवरूप पीव्हीसी, तापवून साच्यात ओतून बनवतात. त्यात घालायच्या मिठाच्या दोनच गोष्टी बघायच्या: ते किती कोरडं आहे आणि किती बारीक आहे. बाकीची चर्चा त्यानंतर.

मीठ घालायचं ते मुख्यतः वजनासाठी. मीठ पाण्याच्या सव्वादोन पटीहून किंचित कमी जड असतं, प्लास्टिसोल जवळजवळ पाण्याइतकंच. प्लास्टिसोल पाण्याइतकं जड धरलं तर १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम मीठ पडल्यावर लूर पाण्यापेक्षा साधारण १० टक्के जड होतो, ४० ग्रॅमला १८ टक्के आणि ६० ग्रॅमला २५ टक्के. खारट चवीमुळे मासा आमिष जास्त वेळ तोंडात धरतो असं बरेच जण मानतात. मानू द्यावं; प्रमाण ठरवताना मात्र बुडण्याचा वेगच धरा.

सगळ्यात सोयीचं म्हणजे पुडीतलं साधं रिफाइन्ड मीठ. त्यातलं आयोडिन दहा लाखात १५ भागांच्या आसपास असतं, लूरला त्याने फरक पडत नाही. गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थही किरकोळच असतो. लोहयुक्त मीठ मात्र नको: लोहाचे क्षार तापलेल्या पीव्हीसीला लवकर पिवळं पाडतात. संचळही नको, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात आणि तापलं की घरभर वास. सैंधव चालेल, पण गुलाबी रंगासाठी जादा पैसे कशाला?

आखं मीठ स्वस्त म्हणून घेतात आणि तिथेच फसतात. मिठागरातल्या मोठ्या खड्यांच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात, म्हणून तर ते तव्यावर तडतडतं. शिवाय त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतलं पाणी ओढत राहतं. हे मीठ १७० अंशांच्या प्लास्टिकमध्ये पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि चिकट, उकळतं प्लास्टिक हातावर उडतं. घ्यायचंच असेल तर आधी दळा, मग भाजा. उलट क्रमाने केलं तर पोटातलं पाणी तसंच राहतं. एप्सम सॉल्ट नावाला मीठ असलं तरी त्याच्या वजनातला निम्मा भाग पाणीच असतो. ते अजिबात वापरू नका.

पुडीतलं मीठही भाजल्याशिवाय घालायचं नाही, विशेषतः आषाढ-श्रावणात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा पाझरतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते सहज होतं. कोरड्या मिक्सरच्या भांड्यात थांबून-थांबून दळा, मैद्याच्या चाळणीने चाळा. ओव्हनच्या ट्रेमध्ये पातळ पसरून १५० अंशांवर तासभर ठेवा. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत मंद आचेवर २० मिनिटं हलवत राहा. चमच्यावरून पिठासारखं मोकळं सांडलं पाहिजे. गरम असतानाच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा.

हाताने ओतायचं असेल तर मैद्याच्या चाळणीतून पडलेलं मीठ पुरतं. इंजेक्टरने, म्हणजे पिचकारीसारख्या साधनाने, बारीक साच्यात भरायचं असेल तर वस्त्रगाळ करा. कण निम्मा झाला की तळाशी बसण्याचा वेग चौथाईवर येतो. पहिला लूर हलका आणि शेवटचा दगड, असं होत नाही. पण फार बारीक पिठासोबत हवा आत शिरते, मिश्रण घट्ट होतं आणि बुडबुडे राहतात. त्यामुळे गरजेपेक्षा बारीक करण्यात फायदा नाही.

प्रमाण वजनकाट्यावर मोजा. जाडं आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं, त्यामुळे चमच्याने केलेली बॅच पुन्हा तशीच जमत नाही.

प्लास्टिसोल आधी दुधासारखं असतं, मग शिऱ्यासारखं गोळा होतं, मग साधारण १६५ ते १७५ अंशांवर पारदर्शक आणि पातळ होतं. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मीठ पारदर्शक झाल्यावरच घाला. आधी घातलं तर पांढरेपणात शिजलं की नाही तेच कळत नाही. थंड ४० ग्रॅम मीठ एकदम ओतलं तर १०० ग्रॅम प्लास्टिकचं तापमान सुमारे २० अंशांनी उतरतं आणि घट्ट होतं. म्हणून मीठ ११० अंशांपर्यंत तापवून तीन हप्त्यांत घाला, हळू ढवळा, लागलं तर पुन्हा थोडं तापवा. रंग पिवळा-तपकिरी होऊन नाकाला झोंबलं तर प्लास्टिक जळतंय: आच बंद करा आणि बाहेर पडा, तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो. काम गच्चीवर करा; चष्मा, पूर्ण बाह्या आणि आम्लवायूसाठीचा मास्क हवाच. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत.

साध्या काडीसारख्या लूरला १०० ग्रॅम प्लास्टिसोलमागे ३० ते ४० ग्रॅम मीठ ठीक. त्यापुढे लूर कडक होतो, गळाच्या भोकापाशी फाटतो. मरळीसारख्या दातेरी माशापुढे तर एका झटक्यात. जास्त मीठ हवंच असेल तर सॉफ्टनर (प्लास्टिक मऊ करणारा द्रव) ५ ग्रॅमपासून वाढवत बघा. शेपटी हलणाऱ्या लूरमध्ये शेपटी बिनमिठाची ठेवा: आधी ती ओता आणि लगेच, गरम असतानाच, मिठाचं धड ओता, म्हणजे जोड सुटत नाही. मिठाने रंग दुधाळ होतो, तेव्हा पारदर्शक रंगांचा नाद सोडा, काळा आणि गडद हिरवा चांगले दिसतात.

बुडण्याचा वेग बघायला विश्वामित्री नदीवर जाऊ नका, तिथे मगरी आहेत. गळ लावलेला लूर खोल बादलीत सोडा आणि सेकंद मोजा. तिरका बुडत असेल तर मीठ एका बाजूला बसलंय: पुढच्या वेळी प्रत्येक ओतण्याआधी ढवळा.

ॲल्युमिनियमचा साचा आणि इंजेक्टर काम झाल्यावर धुऊन पूर्ण कोरडे करा, नाहीतर मिठाने पृष्ठभागावर खड्डे पडतात. ओला लूर गळासकट डबीत ठेवला तर आठवड्यात गळ गंजतो.