टाकाऊ देठांपासून आणि कंदांपासून घरची भाजी

भाजी निवडताना बाजूला पडणारा प्रत्येक देठ पुन्हा रुजत नाही. ज्या तुकड्यावर मूळ, पेर किंवा डोळा शिल्लक असेल, त्यालाच नवी फूट येते. गाजराचा शेंडा पाण्यात ठेवल्यास हिरवागार पाला फुटतो, मात्र त्याला नवे गाजर लागत नाही. कारण गाजर हे त्या झाडाचे मूळच असते आणि ते आपण कोशिंबिरीत संपवलेले असते.

सुरुवात पातीच्या कांद्यापासून करावी. मुळांसह दीड-दोन इंच पांढरा भाग राखून वरची पात वापरावी आणि तो बुडखा पेल्यात अशा बेताने उभा करावा की केवळ मुळेच पाण्यात राहतील. पाणी रोज बदलावे, अन्यथा बुडखा बुळबुळीत होऊन कुजतो. एक-दोन कापण्यांनंतर पात बारीक होऊ लागते, कारण नुसत्या पाण्यात तिला पोषण मिळत नाही. त्यामुळे मुळे वाढताच तो कुंडीत लावावा. पुदिन्याची काडी पेराच्या लगत खाली कापून, खालची पाने काढून पाण्यात ठेवल्यास साधारण आठवडा-दहा दिवसांत मुळे धरते. त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, कारण तो शेजारच्या रोपांना जागा ठेवत नाही. मुळांसकट आणलेली कोथिंबीरही लावता येते, पण ती लवकर फुलावर येते. त्यापेक्षा धणे रगडून पेरणे चांगले.

सातारा-सांगलीकडील घरांत या उद्योगाचा खरा लाभ आले आणि हळदीतून मिळतो, कारण ही दोन्ही पिके इथल्या हवामानाला मानवलेली आहेत. आल्याचा सुरकुतलेला पण टणक तुकडा घ्यावा. दोन-तीन फुगीर डोळे येतील असे त्याचे भाग करून काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. ओला काप मातीत गेला की कुजण्याची भीती असते. लागवड अक्षय तृतीयेच्या सुमारास करावी. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीसाठी तिच्यात शेणखत आणि जाड वाळू सढळ हाताने मिसळावी आणि कुंडीच्या तळाची भोके मोकळी असल्याची खात्री करावी. डोळा वर ठेवून कंद दीड-दोन इंच खोल पुरावा व वर उसाचे पाचट पसरावे, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते.

कोंब वर यायला तीन-चार आठवडेही लागतात. या काळात उतावीळपणे पाणी ओतत राहणे हेच बहुतेकांचे कंद कुजण्याचे कारण असते; माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडील भागात, कुंडी पागोळ्यांखालून हलवावी. पाने पिवळी पडून खोड हळूहळू खालून वाकले आणि ओढताच सहज हातात आले, तर ती कंदकुज समजावी आणि ते रोप मातीसह बाजूला काढावे. स्वयंपाकापुरते ओले आले पाच-सहा महिन्यांनी एका कडेने माती उकरून मोडून घेता येते. पूर्ण पक्व कंदांसाठी आठ-नऊ महिने थांबावे लागते.

हळदीची पद्धत हीच आहे, परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी तिथल्या पेठेतील वाळलेले हळकुंड कितीही उत्तम असले तरी रुजणार नाही, कारण ते शिजवून वाळवलेले असते. त्यासाठी लोणच्याकरिता बाजारात येणारी ओली हळदच हवी. ती थंडीत मिळते आणि लागवड उन्हाळ्यात असते, म्हणून चांगल्या डोळ्यांचे दोन-चार कंद बाजूला काढून, न धुता, कोरड्या वाळूत घालून घरातील थंड कोपऱ्यात ठेवावेत.

कोंब आलेला बटाटाही फेकू नये. तो थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जुन्या पोत्यात लावावा आणि झाड वाढेल तशी वरून माती चढवत जावे. उघडे पडून हिरवे झालेले बटाटे मात्र खाऊ नयेत, कारण त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.