थ्रीडी डॉक्युमेंट कॅमेरा घेताना या चुका टाळा

डॉक्युमेंट कॅमेरा म्हणजे टेबलावरचा कागद वरून टिपून पडद्यावर दाखवणारा कॅमेरा. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याच्या खोक्यावर ‘थ्रीडी’ छापलेलं दिसलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं. एका भिंगाचा कॅमेरा खोली मोजत नाही. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की कागदाऐवजी वस्तूही ठेवता येते. मोजमाप हवं असेल तर थ्रीडी स्कॅनर घ्या, ते यंत्रच वेगळं.

दुकानात सगळे कागद ठेवून तुलना करतात. कागदावर कुठलाही कॅमेरा छानच दिसतो! हृदयाचं १५ सेंटिमीटरचं मॉडेल न्या आणि शेजारी फूटपट्टी उभी धरा. कॅमेरा खाली असला तर वरची महाधमनी स्वच्छ, तळ धूसर. शिवाय वरचा भाग उगाच मोठा दिसतो. म्हणून पडद्यावर पट्टी लावून गिअरचे दात मोजू नका. कॅमेऱ्याची मान जितकी वर जाईल तितकी न्या, फोकस माथ्याच्या थोडा खाली धरून लॉक करा. वस्तू चौकटीत लहान दिसेल, ती कापून मोठी करा. ४के, म्हणजे जास्त बिंदूंचं चित्र, लागतं ते इथे. फोकस लॉकचं बटण नसलेला कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नये: प्रत्येक वेळी हात मध्ये आला की चित्र हेलकावे खातं.

कोथरूडच्या एका क्लासाने पडद्यावर काळे पट्टे सरकतात म्हणून दोनदा कॅमेरा बदलून आणला. तिसऱ्यातही पट्टे! कॅमेरे तिन्ही धडधाकट होते, सेटिंग ६० हर्ट्झवर होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. शटर म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ; १/६० सेकंदाच्या शटरमध्ये ही आवर्तनं पूर्ण बसत नाहीत, मग चित्राच्या प्रत्येक ओळीला उजेड कमी-जास्त मिळतो. मेनूतलं अँटी-फ्लिकर (लुकलुक रोखायचं सेटिंग) ५० करा, शटर हाताने लावत असाल तर १/५० किंवा १/१००. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मेनू उघडायचा कंटाळा, दुकानात चार चकरा मारायला मात्र वेळ.

१०८० वर (१९२०×१०८० बिंदूंचं चित्र) ते तुटक येतं? यूएसबी २.० मध्ये कॉम्प्रेस न केलेलं चित्र सेकंदाला ३० फ्रेमने मावत नाही. फॉरमॅट एमजेपीजी (कॉम्प्रेस केलेलं) करा. साधी केबल ५ मीटरच्या पुढे नको.

ए४ आडवा ठेवा. १०८० च्या चौकटीत इंचाला साधारण १३० बिंदू मिळतात, उभा ठेवला तर ९२.

लॅमिनेट केलेल्या पानावर कॅमेऱ्याचा दिवा बंद ठेवा आणि टेबललॅम्प बाजूने तिरका लावा.