अ‍ॅक्टोस घेतली असेल तर काय तपासायचं आणि दावा कसा बघायचा

अमेरिकेत राहून डायबेटिससाठी अ‍ॅक्टोस घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. औषधाचं मूळ नाव पायोग्लिटाझोन, आणि ते मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीतही येतं, त्यामुळे बाटलीवरचं बारीक अक्षरातलं पण वाचा, नुसतं वरचं नाव बघून "मी नाही घेत ब्वा" म्हणू नका.

एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2011 मध्येच सांगितलं की वर्षाच्या वर घेतलं तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. लेबलवरची हार्ट फेल्युअरची चौकटीतली वॉर्निंग तर 2007 पासूनची. म्हणून लघवी एकदा जरी लालसर झाली आणि दुसऱ्या दिवशी परत नॉर्मल झाली तरी डॉक्टरला दाखवाच, हे रक्त येतं-जातं आणि बऱ्याचदा दुखतही नाही, तिथेच लोक फसतात. पायावर सूज, चपलेचा पट्टा रुततोय, वजन झपकन वाढलं, जिना चढताना धाप लागतेय, तर त्याच दिवशी फोन करा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, शुगर चढली की ते वेगळंच लफडं.

आता कंपनीवरच्या भरपाईच्या दाव्याचं. 2014 ला लुइझियानात याच औषधाच्या खटल्यात ज्युरीने 9 अब्ज डॉलरचा दंड ठोकला, तो आकडा अजून सगळीकडे फिरतो, पण जजने तो 4 कोटी डॉलरच्या आत आणला हे कोणी सांगत नाही. 2015 मध्ये हे औषध बनवणाऱ्या टाकेडा कंपनीने साधारण 2.4 अब्ज डॉलर देऊन हजारो दावे एकदम मिटवले. ते पैसे आता नव्याने मागता येतील असं कोणी म्हणालं तर जरा सावध.

पहिलं काम, फार्मसीकडून जुना प्रिंटआउट काढा. तारखा, मिलीग्राम, आणि एनडीसी नंबर (औषधाचा ओळख क्रमांक), त्यावरून गोळी कोणत्या कंपनीची ते कळतं. हे का, तर 2012 पासून जेनेरिक मिळायला लागलं, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या निकालामुळे जेनेरिकवाल्यांवर "वॉर्निंग नीट दिली नाही" हा दावा सहसा टिकत नाही, त्यांना ब्रँडचंच लेबल छापावं लागतं ना! कॅन्सर निघाला असेल तर बायोप्सीचा रिपोर्टही लागेल, तुम्ही मागितल्यापासून 30 दिवसात हॉस्पिटलने रेकॉर्ड द्यायचं असा नियम आहे.

दावा लावायची मुदत राज्याप्रमाणे बदलते, कुठे 1 वर्ष, कुठे 2-3, आणि ती कधीपासून मोजायची यावरच भांडणं होतात, त्यामुळे वकिलाला पहिला प्रश्न हाच. वकील बहुतेक जिंकल्यावरच टक्केवारी घेतात, पण हरलो तर फायलिंग आणि एक्स्पर्टचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हे सही करायच्या आधी कागदावर घ्या.