आधी ॲड्रेनलिन, मग एव्हिल

कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सिस्टर आहे. नवीन मुलगी ड्यूटीवर आली की पहिल्याच दिवशी तिला इमर्जन्सी ट्रेसमोर उभी करते. जीवघेण्या ॲलर्जीत आधी द्यायच्या ॲड्रेनलिनचा अँप्युल, म्हणजे काचेची छोटी कुपी, लाइट गेलेली असतानाही हाताला लागला पाहिजे.

काजूच्या हंगामात एका गड्याला बागेत गांधीलमाश्या चावल्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलं. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, आवाज घोगरा, वरचं बीपी ७०. नवीन सिस्टरचा हात एव्हिलकडे, म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनकडे गेला. आपल्याकडे ॲलर्जीची रिॲक्शन म्हटलं की एव्हिल आणि स्टेरॉइड, अशी सवयच पडलीय. पण एव्हिलने खाज थांबते, मिटत चाललेला घसा उघडत नाही. ॲड्रेनलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं. म्हणून आधी तेच.

१ मिलीच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला अर्धा मिली, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३, ६ महिने ते ६ वर्षांच्या बाळाला ०.१५ मिली. हा तक्ता ट्रेच्या झाकणावर चिकटवा. त्या क्षणी डोकं चालत नाही. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, सुई सरळ स्नायूत. दंडात नको. इन्सुलिनची सिरिंज तर उचलूच नका: सुई आखूड, औषध चरबीतच राहतं, आणि युनिटच्या खुणा घाईत घोळ घालतात. १ मिलीची साधी सिरिंज घ्या, २३ नंबरची सुई लावा. हृदय बंद पडल्यावर शिरेतून १ मिलिग्रॅम देतात, तो हिशोब निराळा. इथे अँप्युलमधलं औषध तसंच शिरेत सोडलंत तर हृदयाचे ठोके बिघडतील.

वेळ लिहून ठेवा. ५ मिनिटांत उतार नाही, तर दुसरा डोस. आमच्या गड्याला दुसरा लागला, तोवर १०८ निघालेली होती. मग तो म्हणाला, "बरं वाटतंय, लघवीला जाऊन येतो." मी खांदा दाबून धरला. अशा वेळी उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि हृदय रिकामं पडतं; सुधारलेला माणूस तिथेच कोसळू शकतो. आडवा ठेवा, पाय उशीवर. धाप लागत असेल तर पाठ टेकवून बसवा, पण पाय लांब. लघवीचं भांडं मी कॉटवरच दिलं.

ॲड्रेनलिनने पेशंटचे हात थरथरतील, छाती धडधडेल. नातेवाईक घाबरतात, त्यांना आधीच सांगा. गांधी उतरल्या म्हणून घरीही सोडू नका, काही तासांनी रिॲक्शन उलटू शकते.

दर सोमवारी अँप्युल उजेडात धरून बघा. औषध पाण्यासारखं हवं. गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली तर एक्सपायरी लांब असली तरी तो अँप्युल बाद.